आडवी रेघ

पाणाड्या म्हटलं की तळहातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी शोधत शिवारातून फिरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आमच्या काळखडीचे पाणाडे तसे नव्हते. दुधाच्या कॅनएवढी डझनभर यंत्रं होती ती, शिवारात ठिकठिकाणी जमिनीत पुरलेली. सरकारी कागदांवर त्यांचं नाव इतकं लांबलचक होतं की उच्चारेपर्यंत माणसाला तहान लागावी. गावानं पहिल्याच आठवड्यात त्यांना पाणाडे म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं.

मी शिवलीला, या पाणाड्यांची कारभारीण. भूशास्त्राची पदवी घेतली आणि माणदेशातल्या या टोकाच्या गावात लग्न करून आले. तेव्हा माझ्या आईनं कपाळाला हात लावला होता. "दगडं शिकलीस आन् दगडांतच जाऊन पडलीस," म्हणाली. पण मला हेच गाव हवं होतं, कारण तेव्हा काळखडीचं नाव साऱ्या तालुक्यात गाजत होतं.

गाजण्यासारखंच होतं. लागोपाठच्या दुष्काळांत टँकरच्या मागे धावून धावून गाव मेटाकुटीला आलं होतं. बोअरं इतकी खोल गेली होती की पाण्याऐवजी नुसता फुफाटा येई. तेव्हा सरपंच नंदाक्कांनी सगळ्या गावाला खंडोबाच्या देवळात गोळा केलं आणि घराघरातल्या एकेका माणसाकडून बेलभंडार उचलून घेतला. हातात बेलाचं पान आणि हळद घ्यायची आणि देवासमोर म्हणायचं, "माझ्या रानात बोअर पाडणार न्हाई. ऊस लावणार न्हाई." आमच्याकडे बेलभंडार उचलून बोललेलं कुणी मोडत नाही. होती ती बोअरं गावानं स्वतःच्या हातांनी बुजवली. दोन-तीन पावसाळ्यांत विहिरी भरल्या, टँकर बंद झाले, आणि काळखडी बघायला लांबलांबून लोक येऊ लागले.

पाणाडे आले ते त्यानंतर. संशोधन संस्थेला असं गाव हवं होतं, जिथं लोक पाण्याच्या बाबतीत खरं वागतात. म्हणजे निदान त्यांचा तसा समज होता, आणि माझाही.

यंत्राचं तत्त्व अगदी साधं आहे. पृथ्वी सगळीकडे सारखीच ओढते असं शाळेत शिकवतात, ते ढोबळमानानं खरं. प्रत्यक्षात जिथं पायाखाली भार जास्त, तिथं ओढ किंचित जास्त. खडकाच्या भेगांत पाणी भरलं की भार वाढतो, उपसलं की कमी होतो. हा फरक इतका सूक्ष्म असतो की वर्षानुवर्षं तो मोजण्याचा नादच कुणी केला नव्हता. पाणाड्याच्या पोटात एक निर्वात नळी असते. तिच्यात लेझरच्या मदतीनं काही अणू इतके थंड करतात की ते जवळजवळ थिजून जातात. मग त्यांना सोडून द्यायचं आणि ते किती वेगानं पडतात ते मोजायचं. पायाखाली पाणी असेल तर ते जरा लगबगीनं पडतात. डझनभर ठिकाणचे असे आकडे एकत्र केले की संगणक जमिनीखालच्या पाण्याचं चित्र काढतो.

पहिल्यांदा ते चित्र उमटलं तेव्हा मी रडले होते. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हाच्या थरावर थर. दोन थरांच्या सांध्यात मऊ, सच्छिद्र खडक आणि लाल गेरूचा पट्टा असतो, आणि पाणी राहतं ते त्या सांध्यात. पुस्तकात शंभरदा वाचलेलं मी डोळ्यांनी बघत होते. गावच्या शाळेच्या बरोबर खाली हा सांधा खोलगट झाला होता आणि तिथं पाणी साचून राहिलं होतं, दोन वर्षं पाऊस झाला नाही तरी गावाला पिण्यापुरतं पुरेल इतकं. नंदाक्कांनी ते चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "ही गावाची शिदोरी. वाईट वर्षाशिवाय कुनी सोडायची न्हाई."

आता प्रश्न होता चित्र कुणी बघायचं याचा. सगळ्यांना दाखवलं तर ज्याला त्याला शिदोरीत हात घालायची बुद्धी व्हायची. म्हणून ग्रामसभेनं ठरवलं की पूर्ण चित्र एकाच माणसानं बघायचं आणि बाकीच्यांना फक्त पातळी सांगायची. तो माणूस म्हणजे मी. चित्र ज्या पाटीवर दिसायचं ती फक्त माझ्या अंगठ्यानं उघडायची. नवऱ्यालाही दाखवणार नाही, असं मी भर सभेत सांगितलं होतं. लोक हसले होते आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले होते आमचे हे.

हे म्हणजे संग्राम. यांची रोपवाटिका आहे. गावामागच्या उघड्याबोडक्या डोंगरावर कडुनिंब, करंज, आपटा, बाभूळ अशी हजारो झाडं यांनी लावली आणि जगवली. हिरव्या डोंगराचा राज्य पुरस्कार गावाला मिळाला तो यांच्यामुळे. माणूस बोलायला गोड, हाताला कष्टाळू. यांच्या नुसत्या बोलण्यानं बी उगवत असेल, असं मी चिडवायचे. चित्राबद्दल यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. "तुझं गुपित तुझ्यापाशी. मला माझी रोपं बास झाली," म्हणायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता!

पाणाडे बसल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला डेंग्यू झाला. ताप उतरेना, अंग ठणकत होतं, धड शुद्ध नव्हती. त्या सगळ्या दिवसांत हे रोपवाटिकेकडे फिरकलेही नाहीत. डोळे उघडले की हे उशाशी, माझा हात हातात घेऊन बसलेले. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाचं नशीब लागतं असा दादला मिळायला." मला खरंच तसं वाटायचं. भांडण झालं, राग आला, की मी तो हात आठवायचे आणि माझा राग निवायचा.

पुढची दोन वर्षं पाऊस बरा झाला. तिसऱ्या वर्षी त्यानं पाठ फिरवली आणि चौथ्या वर्षीही तोंड दाखवलं नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. शिदोरी सोडायची वेळ आली होती. ग्रामसभा ठरली आणि नंदाक्कांनी मला निरोप धाडला की शिदोरीत नेमकं किती आहे ते सभेत सांग.

मी पाटी उघडली. एरवी मी विहिरींची पातळीच बघायचे; शिदोरीला कोण हात लावणार, म्हणून डेंग्यूनंतर पूर्ण चित्र उघडलंच नव्हतं. शिदोरी निम्मीसुद्धा नव्हती. तळाशी पाव हिस्सा जेमतेम उरला होता.

पहिल्यांदा मला वाटलं यंत्र बिघडलं. संस्थेत फोन केला, तपासणी झाली, यंत्रं ठणठणीत निघाली. मग वाटलं, खडकाला एखादी नवी भेग पडली असेल आणि पाणी खाली झिरपत असेल. ती शोधायची तर बारीक चित्र काढावं लागणार होतं. त्याला वेळ लागतो म्हणून ते एरवी कुणी काढत नाही. शिदोरीच्या पश्चिमेचा तुकडा निवडून मी संगणकाला कामाला लावलं आणि स्वयंपाकाला लागले.

भाकरी थापून परत आले तेव्हा पाटीवर एक रेघ होती. शिदोरीतून निघालेला कोरड्या खडकाचा एक अरुंद पट्टा, सरळ, पट्टी ठेवून ओढल्यासारखा. खडकातली भेग कधी सरळ जात नाही. ती वळते, फुटते, हरवते. सरळ रेघ फक्त माणूस ओढतो. तिचं दुसरं टोक कुठं जातंय ते मी बघितलं आणि हातातलं पीठ तसंच वाळून गेलं. ती आमच्याच विहिरीत जात होती.

आमची विहीर रोपवाटिकेच्या कडेला आहे. मी पायऱ्या उतरून खाली गेले. तळाशी गुडघाभर पाणी होतं. पूर्वेच्या भिंतीला झुडूप वाढलं होतं. ते बाजूला केलं तर आत मनगटाएवढी जाड नळी आणि तिच्या तोंडाला कॉक. विहिरीच्या पोटातून जमिनीला समांतर भोक घेत नेतात, ते आडवं बोअर. यंत्र विहिरीत उतरवून मारतात, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला काही दिसत नाही. आवाज येतो, पण विहिरीचा गाळ काढताना यंत्रांचा आवाज येतोच. माझ्या आजारपणानंतर लगेच गावानं विहिरींतला गाळ काढायची मोहीम घेतली होती. उत्साहानं तिचं कौतुक करणारं भाषण मीच ठोकलं होतं.

वर आले तर हे रोपांना पाणी घालत होते.

"विहिरीत ती नळी कसली?" मी विचारलं.

"गाळ काढताना झरा लागला व्हता," हे म्हणाले.

"झऱ्याला कॉक असतो?"

हे झारी खाली ठेवून हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. मग एकदम हिरिरीनं बोलू लागले. "हे बग लीला, मी बेलभंडार मोडला न्हाई. आपली शपथ काय हाय? बोअर पाडणार न्हाई. पाडतात ते उभं. हे आडवं हाय, हे मारलंय. पाडलं न्हाई मी."

आमच्या बोलीत खरंच तसं आहे. उभं बोअर पाडतात, आडवं मारतात. अक्षरशः एका क्रियापदाच्या फटीतून या माणसानं गावाचं पाणी ओढून घेतलं होतं. मला त्या उत्तराची किळस आली. आणि मग पुढचा प्रश्न सुचला.

"शिदोरी नेमकी कुठंय हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

हे झारी उचलायला वाकले.

"खडकाचा सांधा किती खोलीवर आहे, कुठल्या दिशेला वळतो, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुमची नळी बरोबर तिथं कशी गेली?"

"तू तापात व्हतीस तवा," हे खाली बघून म्हणाले. "पाटी उशाशीच व्हती. तुझा हात माझ्या हातात व्हता."

मी माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. संसारात जी एक गोष्ट मी जपून ठेवली होती, दरवेळी काढून बघत होते, ती अशी होती. माझी शुद्ध गेली की हा माणूस माझा अंगठा पाटीवर टेकवत होता आणि चित्र उतरवून घेत होता. रडू आलं नाही, राग आला, आणि त्या रागात माझ्या तोंडचं 'अहो' गेलं ते गेलंच.

"तू मला औषध पाजलंस त्याच हातानं?" मी म्हटलं.

"झाडं वाळत व्हती गं डोंगरावरची," तो म्हणाला. "पुरस्काराची माणसं बघायला यायची व्हती. गावाचं नाव गेलं असतं. मी काय स्वतःसाठी केलं का? झाडांसाठी केलं."

"वर डोंगर हिरवा केलास आणि खाली गाव कोरडं केलंस. तो पुरस्कार शिदोरी विकून आणलास तू."

"सभेत सांगू नको. आपल्या घराचं पाणी तोडतील. कोण कळशीभर द्यायचं न्हाई. आईचं वय बग."

बेलभंडार मोडणाऱ्याला हीच शिक्षा ठरलेली होती. सार्वजनिक टाकीतला वाटा बंद आणि कुणी उसनं पाणीही द्यायचं नाही. मला सासूबाईंची काळजी होतीच. पण मी सांगितलं नाही, तर शिदोरीच्या भरवशावर गाव निवांत बसलं असतं आणि भर मे महिन्यात नळ कोरडे पडले असते.

मी तबस्सुमकडे गेले. तबस्सुम मुलाणी अंगणवाडीत शिकवते. गावात माझी एवढी एकच मैत्रीण, जिच्यापुढे मला शहाणपणाचा आव आणावा लागत नाही. मुलं नुकतीच घरी गेली होती. मी तिला सगळं सांगितलं, रेघ, नळी, अंगठा. अंगठ्याचं ऐकून तिनं माझा हात घट्ट धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सभेत सांगतेय मी," मी म्हटलं.

तिनं हात सोडला. "घरातलं घरात ठेव, लीला. शिदोरी आटली म्हणून सांग. पावसानं आटली म्हण. कोण बघायला जातंय खाली?"

"तुझ्या अंगणवाडीतल्या पोरांना मे महिन्यात काय पाजशील?"

ती उठली आणि खेळणी आवरू लागली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुझा संसार मोडंल, एवढंच मला कळतं." मला वाटलं, माझ्या काळजीनं बोलतेय बिचारी.

सभेच्या दिवशी सकाळी मी अख्ख्या गावाचं बारीक चित्र काढायला लावलं. हेतू सरळ होता. गुन्हा एकट्या आमच्या घराचा आहे, बाकी गाव धुतल्या तांदळासारखं आहे, हे सगळ्यांना दाखवायचं, म्हणजे निदान गावाचा एकमेकांवरचा विश्वास तरी शाबूत राहील. पाटी पिशवीत टाकली आणि देवळात गेले. संग्राम आधीच येऊन खांबाला टेकून बसला होता.

मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. शिदोरीत पाव हिस्सा उरलाय. आमच्या विहिरीतून आडवं बोअर मारलंय. माझ्या आजारपणात माझ्या नवऱ्यानं माझा अंगठा वापरून चित्र चोरलं. जी शिक्षा असेल ती आमच्या घराला द्या, पण आजपासून पाणी मोजून वापरा.

मला वाटलं होतं गलका होईल. शिव्या बसतील. कुणीतरी संग्रामच्या अंगावर धावून जाईल आणि मलाच मधे पडावं लागेल. देवळात कुणी खाकरलंसुद्धा नाही. मग भानुदासतात्या उठले. तात्या निवृत्त तलाठी, गावचे कायदेपंडित. गळ्यातला मफलर नीट करत म्हणाले, "आता मुद्दा असा हाय, की शपथ काय व्हती? बोअर पाडणार न्हाई. बरोबर? आता आडवं जे आसतं ते काय पाडत न्हाईत, मारत्यात. म्हंजी शपथ मोडली आसं शास्त्रानं म्हणता येत न्हाई."

"आन् शिदोरीचा तर बेलभंडार झालाच न्हाई," मागून कुणी म्हणालं. "त्यो नुसता ठराव व्हता."

"ठराव म्हंजी कागुद."

"देवाला दोष लागत न्हाई."

एकामागून एक, न अडखळता, जणू धडा पाठ केला होता. संग्रामची बाजू घेतायत याचं मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं की कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. अशी उत्तरं एका बैठकीत सुचत नाहीत. ती आधी घराघरात घोळवून ठेवावी लागतात.

पिशवीतल्या पाटीनं टिंग असा आवाज केला. चित्र तयार झालं होतं.

मी अंगठा लावला आणि बघितलं. बघतच राहिले. मग देवळातल्या पडद्याला पाटी जोडली, ज्यावर एरवी आम्ही पाहुण्यांना गावाची फिल्म दाखवायचो. पडद्यावर काळखडी उमटली, जमिनीखालची. मध्ये शिदोरी, आणि तिच्यातून चारी दिशांना रेघा. सरळ, पट्टीनं ओढलेल्या. गावात जेवढ्या विहिरी, जवळजवळ तेवढ्या. प्रत्येक विहिरीवर मालकाचं नाव होतं, कारण ती नावं मीच मोठ्या हौसेनं भरली होती. भानुदासतात्यांची रेघ होती. देवळाच्या विहिरीची होती. मुलाण्यांच्या विहिरीची होती. मी तबस्सुमकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होती.

आणि एक जाडजूड रेघ नंदाक्कांच्या विहिरीची होती.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा? शपथ तुम्ही घातलीत."

"मी अडाणी बाई," नंदाक्का म्हणाल्या. "मला काय ठावं आडवं आन् उभं?"

"या सगळ्यांना सांधा कुठंय हे कळलं कसं?" मी विचारलं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

संग्राम खांबापासून हलला नाही. "एकाला कळलं," तो म्हणाला. "त्यानं आवाज ऐकला व्हता. त्याला सांगावं लागलं, न्हाईतर त्यानं सभेत सांगितलं आसतं. मग दुसऱ्याला. मग कुणाला न्हाई म्हणायचं?"

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. इतकी वर्षं मी पहाटे उठून पाणाड्यांची झाकणं पुसत होते, पाहुण्यांपुढे गावाचे गोडवे गात होते. ज्याच्या त्याच्या ओसरीवर चहा पीत होते. आणि मी गेल्यावर ते लोक आपापल्या विहिरीतला कॉक उघडत होते. जिला हे ठाऊक नव्हतं अशी गावात एकच होती, आणि पाण्यावर नजर ठेवायला गावानं नेमलं होतं ते तिलाच. मला भोळी, खुळी, काय वाटेल ते म्हणा. त्या देवळात मला इतकं एकटं वाटलं की आईची आठवण झाली.

"बंद कर त्ये," नंदाक्का म्हणाल्या. "पावणेरावळे येत्यात. कुनी बघितलं तर गावाची अब्रू जाईल."

तेवढ्यात मला कळलं की चूक कुठं झाली होती. चित्र एकटीनं बघायचं हीच चूक होती. एका अंगठ्याचं कुलूप लावलं म्हणून एका अंगठ्याची चोरी पुरली. मी पाटीवरचं कुलूप काढून टाकलं आणि चित्र साऱ्यांच्या फोनवर खुलं केलं. काळखडीच्याच नव्हे, खालच्या अंगाच्या वाड्यांच्यासुद्धा. देवळात खिशाखिशांतले फोन वाजू लागले.

"आता हे बंद होत नाही, अक्का," मी म्हटलं. "आता रोजच्या रोज ज्याला त्याला ज्याची त्याची रेघ दिसेल."

लोक शरमले आणि सुधारले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. आधी ज्यानं त्यानं स्वतःच्या फोनमध्ये शेजाऱ्याची रेघ शोधली. "तुझी माझ्यापरीस लांब हाय!" "आन् तू दोन मारल्यास? दोन?" भानुदासतात्यांना त्यांच्या सख्ख्या भावानं मफलरला धरून ओढलं. स्वतःच्या चोरीचं कुणाला काही वाटलं नव्हतं. शेजाऱ्यानं आपल्यापेक्षा जास्त ओढलं, हे मात्र कुणाला सोसेना. आधी तू बुजव, मग मी बुजवतो, असं करता करता दिवस मावळायच्या आत पहिल्या नळीत सिमेंट पडलं. ती नळी संग्रामची होती. मी तिथं उभी नव्हते, मला सासूबाईंनी सांगितलं.

त्या उन्हाळ्यात काळखडीत पुन्हा टँकर आले. डोंगरावरची निम्मी झाडं वाळली. लहान पोरांनी टँकर कधी पाहिला नव्हता, ती त्याच्यामागे नाचत धावायची आणि त्यांच्या आया तोंड लपवून रांगेत उभ्या राहायच्या. तबस्सुम एकदा माझ्या मागे रांगेत होती. "लीला, माझ्या सासऱ्यांनी मारलं, मला न्हाई म्हणता आलं न्हाई," म्हणाली. मी तिला माझ्या पुढे घेतलं, पण बोलले नाही.

पुढचे पावसाळे बरे झाले. शिदोरी भरत आली. आडव्या रेघा पुसट होत होत खडकात मिसळून गेल्या. आता काळखडीत कुणी थेंबभर जास्त उपसलं तर दुपारपर्यंत साऱ्या पंचक्रोशीला दिसतं. लोक सकाळी चहाबरोबर चित्र बघतात, शेजाऱ्याचं आधी आणि आपलं नंतर. कारभारीण लागत नाही. संस्थेचे लोक म्हणतात, पाण्याचं असं काटेकोर नियोजन देशात दुसरीकडे नाही. ते खरंच आहे.

पुन्हा पाहुणे येऊ लागले. परवा मराठवाड्यातल्या काही गावांची माणसं बघायला आली होती. संग्रामनं त्यांना देवळात बसवून माहिती दिली. अजून तसाच गोड बोलतो. एकानं विचारलं, "हे तुमच्याकडं जमलं कसं?" संग्राम म्हणाला, "आमच्या गावात एकी हाय. एकमेकांवर विश्वास हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंदाक्कांनीही वाजवल्या.

संध्याकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. तो येऊन पायरीवर बसला.

"बरं बोललो न्हवं?"

"छान बोललास," मी म्हटलं.

तो चपलेच्या टोकानं माती उकरत होता. "माझ्यावर अजून तुझा विश्वास न्हाई," तो म्हणाला. "एवढी वर्सं झाली. मी सगळ्यांच्या आधी बुजवलं. त्यानंतर एकदा तरी चुकलो का?"

"नाही चुकलास. दिसतं मला."

"मग? विश्वास न्हाई तर ऱ्हातीस कशी माझ्यासंगं?"

"गाव राहतं तशी," मी म्हटलं. "रोज सकाळी बघून."

मी तांदळातले खडे वेचून बाजूला टाकले आणि सूप उचलून आत गेले.